दिलेलं रोप लागत नाही

घर बदलायचं नक्की झालं तेव्हा मी पहिल्यांदा अंगणातल्या कुंड्या मोजल्या. बावीस भरल्या. दुसऱ्या दिवशी पाणी घालताना सहज मोजल्या, तर एकवीस. तिसऱ्या दिवशी पुन्हा बावीस. कचेरीत पंचवीस वर्षं दाखल्यांवरच्या तारखा तपासणारी मी बाई, मला बावीसपर्यंत मोजता येऊ नये? मी आमच्या ह्यांना मोजायला लावलं. ते तेवीस म्हणाले. त्यांनी न्हाणीजवळचं मातीनं भरलेलं घमेलंही धरलं होतं, हे नंतर कळलं.

कुंड्या आपलं म्हणायचं. खऱ्या कुंड्या चारच. बाकी रंगाचे डबे, तेलाचे पत्र्याचे डबे, एक फुटकी बादली आणि एका जुन्या कूलरची टाकी. हिंगणघाटच्या त्या भाड्याच्या घरात आम्ही अठरा वर्षं राहिलो. हे सूतगिरणीतून निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात माझी वर्ध्याला बदली झाली. सिंदी मेघेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांची जागा मिळाली. गॅलरी एवढीशी, की आठ कुंड्या ठेवल्या तर कपडे कुठं वाळवायचे हा प्रश्न. कोणत्या आठ न्यायच्या, यावर मी रोज वेगळी यादी करत होते आणि रोज ती यादी हरवत होते.

उरलेली झाडं गल्लीत वाटून टाकायची, असा माझा साधा बेत होता. एका रविवारी मी घरोघर फिरले. गोडलिंब कुणाला हवा का, कोरफड कुणाला, ओवा कुणाला. माझ्या ब्रह्मकमळाचे फोटो दर वर्षी स्वतःच्या स्टेटसवर लावणाऱ्या बायकासुद्धा म्हणाल्या, पाहू ना, राहू द्या तुमच्याकडंच. एकीनं विषय बदलून वर्ध्यात नळ किती वाजता येतात ते विचारलं. मी हात हलवत परत आले. अठरा वर्षं ज्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले, पापड लाटायला गेले, त्यांना माझ्या हातचं एक रोप नको होतं. मला फार लागलं ते. रागाच्या भरात मी ह्यांना म्हटलं, सगळी झाडं उपटून टाकते. हे म्हणाले, टाक, म्हणजे मोजायचं तरी थांबशील.

त्या रविवारी शेवटचं घर शेजारच्या मावशींचं होतं. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत. मावशींनी जिनिंगमध्ये तीस वर्षं रेच्याजवळ काम केलं होतं. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. त्याच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून मावशी साधं 'चहा झाला का' विचारायच्या तेव्हाही भांडण लागलंय असं वाटायचं. त्यांना ऐकूही कमी यायचं. गेल्या दिवाळीत त्यांचे यजमान गेले. त्यानंतर त्यांचा आवाज गल्लीत फारसा ऐकू येईनासा झाला. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण कचेरीतून दमून आल्यावर मी भिंतीपर्यंत जायची नाही. खोटं कशाला सांगू.

मावशीही म्हणाल्या, "ठेव तिथंच. पाहू मंग." त्यांच्याकडून मला तशी अपेक्षाही नव्हती. त्यांच्या दारात एक मोगरा आहे, टपोऱ्या फुलांचा. त्याची एक फांदी मी अठरा वर्षांत चारदा तरी मागितली असेल. दर वेळी एकच उत्तर, "मांगू नको वो." मी मनाशी धरून चालले होते, की बाई चिक्कू आहे.

आता मांजरीचं सांगते, कारण खरा घोळ तिचाच. तिला आम्ही नाव ठेवलं नव्हतं, नावं मात्र रोज ठेवत होतो. करड्या रंगाची, एका कानाला चीर पडलेली, दूध प्यायला हजर आणि उंदीर म्हटला की पसार. करोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी मागच्या खोलीत पंधरा दिवस एकटी पडून होते. हे दाराबाहेर ताट ठेवायचे आणि चार पावलं मागं जाऊन उभे राहायचे. त्यांचा दोष नाही, तेव्हा सगळेच तसे वागत होते. पण मला वाटायला लागलं होतं, की आपण आता माणसांत मोडत नाही. अशात एका दुपारी खिडकीच्या फाटक्या जाळीतून एक मूठभर पिल्लू आत आलं आणि माझ्या पायांशी झोपलं. माझ्याजवळ यायचं नसतं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या पंधरा दिवसांत मला शिवलेला तो एकच जीव. म्हणून मी ठरवून टाकलं होतं, झाडं राहिली तर राहिली, मांजर माझ्याबरोबर येणार.

हे पक्कं केल्यावर सल्ले सुरू झाले. कचेरीतल्या एकीनं सांगितलं, तिच्या पायांना तूप लावा, चाटत बसते आणि जुनं घर विसरते. दुसरीनं सांगितलं, पोत्यात घालून तीनदा गोल फिरवा, म्हणजे दिशा कळत नाही. शिपाईदादा म्हणाले, आठ दिवस कोंडून ठेवा. मग मला प्रश्न पडला, तूप आधी की पोतं आधी? मी तुपापासून सुरुवात केली. मांजरीनं पाय चाटले नाहीत. बांधून ठेवलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावरून ती शांतपणे चालत गेली आणि सगळीकडं तुपाची पावलं उमटली. ह्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "काऊन त्या मुक्या जीवाच्या मागं लागली तू? ती घराची राह्यते, माणसाची नाई. दुसऱ्या माळ्यावर काय करन ती?"

मी बुरडाकडून झाकणाची टोपली आणली. झाकण उघडं असलं की मांजर आपण होऊन तिच्यात बसायची. बंद केलं की अशी ओरडायची, की गल्लीतल्या लोकांनी मला काय काय म्हटलं असेल देव जाणे. रोज संध्याकाळी दहा मिनिटं सराव. ती आत ओरडणार, मी बाहेर 'झालं झालं' म्हणत बसणार. कुणाचा सराव चालला होता कुणास ठाऊक.

इकडं झाडं कमी होत होती. मनी प्लँट दाराच्या चौकटीपर्यंत चढवलेला, तो आधी खिडकीपर्यंत उतरला, मग कट्ट्यापर्यंत. कोरफडीची पिल्लं नाहीशी झाली. ब्रह्मकमळाची पानं विरळ दिसायला लागली. मी माकडांवर संशय घेतला, शेळ्यांवर घेतला. पण देठ बघितले तर स्वच्छ कापलेले, आणि शेळी काही पातं घेऊन येत नाही. मग मी ह्यांच्यावर घेतला. शेवटी स्वतःवर घेतला. घर बदलायच्या काळजीनं माझं डोकं फिरलंय आणि मीच झोपेत उठून झाडं कापते आहे, इथपर्यंत मी पोचले होते.

एका बुधवारी उन्हानं डोकं धरलं म्हणून मी कचेरीतून दुपारीच घरी आले. फाटक उघडलं तर मावशी माझ्या अंगणात उकिडव्या बसलेल्या. हातात पातं, पदरात गवती चहाचा ठोंब, शेजारी गोडलिंबाचा अख्खा डबा, मुळाशी उकरलेला. मला पाहून त्या ओशाळल्या नाहीत. चिडल्या.

"काऊन आलीस तू आत्ता?"

मी गोंधळून म्हटलं, मावशी, मी स्वतः द्यायला आले होते ना तुमच्या दारी, तेव्हा नको म्हणालात.

"दिलेलं लागत नाई," मावशी म्हणाल्या. "चोरून नेलेलंच लागते. आता तू पाह्यलं. आता हे लागन का?"

मनी प्लँट चोरूनच आणावा लागतो, हे मलाही माहीत होतं. माझा मनी प्लँट मी स्वतः साहेबांच्या केबिनमधून पर्समध्ये घालून आणलेला. पण कोरफडीला, ओव्याला, गोडलिंबालाही हाच कायदा आहे आणि सगळी गल्ली तो पाळते, हे अठरा वर्षं राहून मला कळलं नव्हतं. बायका येत होत्या, फांदी कापून नेत होत्या, कुणी अख्खी कुंडी घरी नेऊन रोप काढून दुसऱ्या दिवशी परत ठेवत होत्या. म्हणून कधी एकवीस, कधी बावीस. हे पूर्वीही चालत असणार. मी मोजलं नव्हतं एवढंच.

मग माझ्या डोक्यात मोगरा आला. मी विचारलं, म्हणजे इतकी वर्षं मी मोगरा मागत होते तेव्हा तुम्ही 'मांगू नको' का म्हणायचात?

मावशींनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी अडाणी आहे. "भिंत काय लई उंच होती का?" त्या म्हणाल्या.

आता यात चोर कोण आणि चुकलं कोण, मला समजेना. मी चक्क माफी मागितली. मग घरात गेले, दार आवाज करून लावलं आणि मावशींना पुन्हा चोरी करता यावी म्हणून अर्धा तास आत बसून राहिले. डोकं तसंच ठणकत होतं.

पुढच्या रविवारी मी दुपारी दोन ते चार दार लावून झोपायचं सोंग घेतलं. बाहेर बांगड्या वाजत होत्या, कुणी कुणाला 'हळू' म्हणत होतं. ह्यांना कूलरमध्ये पाणी घालायला बाहेर जायचं होतं, मी त्यांचा शर्ट धरून ठेवला. ते घामानं भिजून बसले आणि म्हणाले, आपल्याच घरात आपण कैदी. मला हसू येत होतं. माझं रोप कुणाला नको असं नव्हतं तर. चार वाजता दार उघडलं तेव्हा अंगणात नेमक्या नऊ कुंड्या उरल्या होत्या, आठ आणि वर तुळस. तुळशीला कुणी हात लावला नव्हता.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मांजर कुठं दिसेना. मागची खोली पाहिली, गच्ची पाहिली, बांधलेल्या गाद्यांच्या मागं पाहिलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून मावशींचा आवाज आला, पूर्वीसारखा मोठा, रेच्याजवळचा. पाहुणे आले असतील असं वाटलं. त्यांना विचारावं म्हणून मी गेले. दार लोटलेलं होतं.

आत पाहुणे कुणी नव्हते. बाजेवर मावशी बसलेल्या आणि पायथ्याशी, यजमानांच्या जुन्या धोतराच्या घडीवर, आमची मांजर. खाली पितळी वाटीत दूधभात. मावशी तिला सांगत होत्या, की आज नळ उशिरा आला, की मिरच्या वाळत घातल्या पण माकडांचा भरवसा नाही, की उजवा गुडघा बसू देत नाही आणि उठूही देत नाही. मांजर डोळे मिटून एक कान हलवत होती, तोच चिरलेला. दिवाळीनंतर मावशींना एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. ती धोतराची घडी चांगली दबलेली होती. एका दिवसात तशी दबत नाही. मी कचेरीत असायची तेव्हा रोज दुपारी मांजर कुठं असायची, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मावशींनी मला पाहिलं. आवाज एकदम बंद. त्यांनी मांजर उचलली आणि माझ्या हातात दिली. "घे. तुयीच आहे."

मी चाचरत विचारलं, मावशी, तुम्हाला ठेवायची आहे का?

"मी मांगलं का काई?" त्या म्हणाल्या, आणि वाटी घेऊन न्हाणीकडं गेल्या.

मांजर घेऊन मी घरी आले. ती माझी होती, मला परत मिळाली होती, आणि तरी कुणाच्या तरी घरातून काही उचलून आणल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळभर मी पेट्या बांधत होते आणि सोडत होते. चमचे कुठल्या पेटीत घातले ते आठवेना म्हणून तीन पेट्या उघडल्या. मावशींना मांजर देऊन टाकावी का? पण दिलेलं त्या घेणार नाहीत. आणि द्यायची तरी का? त्या पंधरा दिवसांत ती माझ्या पायांशी झोपली होती, त्यांच्या नाही. मी स्वतःवरच चिडले. मग मावशींवर चिडले. सरळ 'ठेवून जाय' म्हणाल्या असत्या तर मी सरळ 'नाही' म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते.

सकाळी लवकर छोटा हत्ती आला. ऊन चढायच्या आत निघू, नाहीतर झाडं करपतील, असं ड्रायव्हर म्हणाला. सामान चढलं, नऊ कुंड्या ओल्या पोत्यांत गुंडाळून मागं ठेवल्या. मांजरीला दूध पाजून टोपलीत घातलं, झाकण सुतळीनं बांधलं. ती ओरडली, मग दमून गप्प झाली. मला गॅसचा कॉक बंद केलाय का ते पुन्हा बघायचं होतं. टोपली उन्हात कशी ठेवू? मावशींच्या ओट्यावर सावली होती. मी टोपली तिथं ठेवली. मावशी दारात उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, एवढी टोपली एक मिनिट राहू द्या, आलेच.

कॉक बंदच होता. तो मी सकाळपासून दोनदा पाहिला होता. तरी मी रिकाम्या स्वयंपाकघरात उभी राहिले. मग मागच्या खोलीत गेले, खिडकीची ती जाळी पाहिली, कधीच बदलली नव्हती ती, आणि परत फिरले. बाहेर सुतळी ओढल्यासारखा आवाज झाला. टोपलीचं झाकण करकरलं असं वाटलं. खिडकीतून ओटा दिसतो, नुसतं वळायचं होतं. मी नाही वळले. समोरच्या भिंतीवर कॅलेंडरचा खिळा होता, त्याच्याकडं बघत राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. हे बाहेरून दोनदा ओरडले तेव्हा निघाले.

टोपली ओट्यावरच होती. सुतळी बांधलेली, पण माझी गाठ वेगळी असते. मी उचलली. वजन होतं. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच वाईट वाटलं, आणि दोन्हींतलं कोणतं खरं ते कळायच्या आत मी गाडीत बसले होते. मावशी दारात नव्हत्या. त्यांच्या दाराला आतून कडी होती.

केबिनमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. टोपली माझ्या मांडीवर. गाव मागं पडलं, दोन्ही बाजूंना रिकामी वावरं आणि कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे ढीग सुरू झाले. "शांत आहे बरं," हे टोपलीकडं पाहत म्हणाले. "उगीच घाबरून राह्यली होती तू." ड्रायव्हर म्हणाला, मांजर गाडीत अशी गप्प बसलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. मी हूं म्हटलं. थोड्या वेळानं ह्यांनी हवेत नाक वर केलं आणि म्हणाले, मोगऱ्याचा वास येतोय का? मी म्हटलं, मागच्या कुंड्यांचा असेल. माझ्या नऊ कुंड्यांत मोगरा नव्हता, हे ह्यांना माहीत असायला हवं होतं, पण त्यांनी कधी नीट मोजलं असेल तर ना. वर्धा येईपर्यंत मी झाकणावर हात दाबून बसले. मधेच एकदा झाकणावर थोपटलंही.

सिंदी मेघेच्या घरात दूध उतू घालवलं, देव मांडले, आणि ह्यांनी मोठ्या उत्साहानं खिडक्या दारं लावून टोपली सोडली. आत ओलं पोतं, पोत्यात पत्र्याचा डबा, डब्यात हातभर उंच मोगरा, दोन फुलं उमललेली. हे बघतच राहिले. त्यांनी टोपली उलटी करून पाहिली, जशी काही मांजर तळाला चिकटलेली असेल. मग म्हणाले, उद्या पहिल्या बसनं जातो आणि तिला घेऊन येतो. मी म्हटलं, नको. मी रडायला लागले. मांजरीसाठी रडले, मागच्या खोलीतल्या त्या पंधरा दिवसांसाठी रडले. हे चार पावलं मागं जाऊन उभे राहिले, मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, जवळ येऊन बसले.

मांजर मी सोडली, की दिली, की माझ्याकडून चोरीला गेली? पुढचे आठ दिवस मी हेच उलटसुलट करत होते. मी पाठ फिरवली होती हे खरं. पण गॅसचा कॉक बघायला गेले होते, हेही खरंच. आणि मोगऱ्याचं काय समजायचं? मी तर तो भिंतीवरून चोरला नव्हता. मावशींनी दिला असेल तर त्यांच्याच कायद्यानं तो लागायचा नाही. तशी लक्षणंही दिसत होती. दोन्ही फुलं गळाली, मग पानं पिवळी पडली, आठव्या दिवशी नुसती काडी उरली. हे म्हणाले, गेला तो, डबा रिकामा कर. मी रोज सकाळी गॅलरीत जाऊन त्या काडीला पाणी घालायची आणि नकळत पायाशी बघायची, दुधाची वाटी कुठं ठेवली म्हणून.

नवव्या दिवशी राहवेना. मी मावशींना फोन लावला. इकडची तिकडची चौकशी झाली, नळ, मिरच्या, गुडघा. मग मी मोठ्यानं, त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडूनच विचारलं, "मावशी, आमची मांजर दिसली का तिकडं?"

"कोनती मांजर?" त्या तिकडून ओरडल्या. "मी नाई पाह्यली."

त्यांच्या मागं, अगदी फोनजवळ, मांजर ओरडली. दूध हवं असतं तेव्हाचं ओरडणं. मला ते ओळखू येणार नाही तर कुणाला येणार. मग मावशी म्हणाल्या, "माया मोगऱ्याचा एक डबा गायब आहे वो. तू गेली त्या दिवसापासून. तू पाह्यला का?"

मी गॅलरीत त्या काडीशेजारीच उभी होते.

"कोनता मोगरा?" मी त्यांच्याइतक्याच मोठ्यानं म्हटलं. "मी नाई पाह्यला."